पडदा जागेवर बसला, नजर किती आली? : दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास



आजचा विषय वैद्यकाच्या इतिहासातला आहे, पण तो तुमच्यापैकी काहींच्या घरातही येऊन गेला असेल. "डोळ्याचा पडदा सरकला" हे वाक्य आपल्याकडे सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं. मग धावपळ होते, ऑपरेशन होतं, डॉक्टर सांगतात, "पडदा व्यवस्थित बसला." घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. आणि महिन्याभराने ज्याचा डोळा आहे तो हळूच म्हणतो, "पण मला पहिल्यासारखं दिसत नाही. दाराची चौकट वाकडी दिसते. रंग फिके वाटतात." मग घरात कुजबुज सुरू होते, ऑपरेशन फसलं की काय?

बहुतेक वेळा ते फसलेलं नसतं. पडदा जागेवर बसणं ही एक गोष्ट आणि नजर परत येणं ही दुसरी गोष्ट. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे डॉक्टरांनाही एका दिवसात कळलेलं नाही. म्हणून आज आपण दोन प्रश्न घेऊ. पडदा सुटतो का? आणि जागेवर बसवल्यावरही नजर पूर्ण का येत नाही? पहिल्याचं उत्तर जगाने मान्य करेपर्यंत, तो रोग डोळ्यांनी दिसायला लागल्यानंतरही, जवळजवळ पाऊणशे वर्षं गेली. दुसऱ्याचं उत्तर त्याच्याही नंतर आलं. आणि या दिरंगाईची किंमत माणसांनी नजर देऊन मोजली.

आधी हा पडदा म्हणजे काय ते बघू. मराठी पाठ्यपुस्तकात त्याला दृष्टिपटल म्हणतात, दवाखान्यात सगळे रेटिना म्हणतात. डोळ्याच्या मागच्या बाजूला आतून लागलेलं हे अस्तर जाडीला साधारण पाव मिलिमीटर. एवढ्याशा जाडीत पेशींचे थरावर थर आहेत. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८९३ साली या थरांचं जे वर्णन प्रसिद्ध केलं, त्यातली चित्रं आजही शिकवताना दाखवतात. या थरांत प्रकाश पकडणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या, शलाका आणि शंकू. शलाका बारा कोटींच्या आसपास, त्या मंद उजेडात काम करतात. शंकू साठ लाखांच्या आसपास, ते रंग आणि बारकावे ओळखतात. शंकूंची सगळ्यात दाट वस्ती पडद्याच्या मधोमध, पीतबिंदू नावाच्या भागात. तुम्ही वाचता, सुईत दोरा ओवता, समोरच्याचा चेहरा ओळखता, ते या छोट्याशा जागेच्या जोरावर.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती दोनदा लागणार आहे. प्रकाश पकडणाऱ्या या पेशी पडद्याच्या आतल्या बाजूला नाहीत, सगळ्यात मागे आहेत. त्यांच्याही मागे रंगद्रव्य असलेल्या पेशींचा एकेरी थर आहे आणि त्यामागे रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेलं रंजितपटल. या पेशींना प्राणवायू आणि पोषण मुख्यतः मागून, त्या रंजितपटलातून मिळतं. पीतबिंदूच्या अगदी मध्यभागी तर पडद्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्याच नाहीत. तिथलं सगळं मागून येणाऱ्या शिध्यावर चालतं.

आणि गंमत अशी की, पडदा आणि त्यामागचा रंगद्रव्याचा थर हे एकमेकांना चिकटवलेले नाहीत. गर्भात डोळा तयार होताना दोन थरांची एक वाटी बनते. आतला थर पडदा होतो, बाहेरचा रंगद्रव्याचा थर होतो. मधली फट मिटते, पण दोन्ही थर शिवल्यासारखे जोडले जात नाहीत. मागच्या पेशी मधलं पाणी सतत ओढून घेतात, त्यामुळे पडदा भिंतीला ओल्या कागदासारखा लागून राहतो. म्हणजे जिथून तो सुटू शकतो, ती जागा जन्माआधीच ठरलेली असते.

पडद्याचं महत्त्वसुद्धा उशिराच कळलं. गेलेनच्या काळापासून शतकानुशतकं युरोपात समजूत अशी होती की बघण्याचं खरं काम भिंग करतं आणि पडदा त्याला पोसतो. १५८३ साली बाझलच्या फेलिक्स प्लाटरने सांगितलं की बघतो तो पडदा, भिंग नव्हे. १६०४ साली केप्लरने गणिताने दाखवलं की पडद्यावर बाहेरच्या जगाची उलटी प्रतिमा उमटते. ठीक. पण जिवंत माणसाचा पडदा कोणी पाहिलेला नव्हता, कारण बाहुलीतून आत बघावं तर काळोख. डोळा बाहेरून स्वच्छ आहे आणि दृष्टी गेली आहे, अशा आजारांबद्दल जुन्या नेत्रवैद्यांमध्ये एक कडवट विनोद होता : या रोगात रोग्याला काही दिसत नाही आणि वैद्यालाही काही दिसत नाही.

तो काळोख १८५१ साली संपला. हेरमान हेल्महोल्ट्झने ऑफ्थॅल्मोस्कोप प्रसिद्ध केला. उपकरण साधं होतं. उजेड डोळ्यात सोडायचा आणि त्याच रेषेतून परत येणारा उजेड बघायचा. पुढच्या काही वर्षांत नेत्रवैद्यांनी डोळ्याच्या तळाचं सगळं जग पाहून घेतलं. सुटलेला पडदा त्यांना दिसला, राखाडी, सुरकुतलेला, डोळा हलवला की लाटेसारखा हलणारा. १८५३ साली कोक्सिउस या जर्मन डॉक्टरने पडद्यावरच्या फाटीचंही वर्णन केलं.

म्हणजे बघा, दोन वर्षांत रोग दिसला आणि त्याचं कारणही दिसलं. मग पाऊणशे वर्षं कशासाठी लागली?

कारण दिसणं आणि त्याचा अर्थ लागणं यात अंतर असतं. समोर दोन गोष्टी होत्या. पडद्यामागे साठलेलं पाणी आणि पडद्यावरचं छिद्र. यातलं आधी काय? त्या काळातले सर्वांत मोठे नेत्रवैद्य बर्लिनचे आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे. त्यांचं मत असं होतं की रंजितपटलातून पाणी झिरपतं, ते पडद्याला मागून ढकलतं, आणि छिद्र हे नंतर पडतं. इतकंच नव्हे, तर त्या छिद्रातून पाणी निघून जातं, म्हणजे निसर्ग स्वतःच उपचार करतोय. मत चुकीचं होतं, पण वेडगळ नव्हतं. पाणी भरपूर दिसायचं, छिद्र मात्र थोड्यांच्याच डोळ्यात सापडायचं. मग पुढची पायरी ओघानेच आली. निसर्ग छिद्र पाडून बरं करत असेल, तर आपणही पाडू. ग्रेफे यांनी सुटलेल्या पडद्याला सुईने आणखी एक छिद्र पाडण्याचा उपचार करून पाहिला. ज्या रोगाचं मूळ छिद्र, त्यावर दवा म्हणून दुसरं छिद्र!

उलट बाजूने बोलणारे लोकही होते. १८७० च्या दशकात पॅरिसचे द वेकर, १८८२ मध्ये थिओडोर लेबर यांनी छिद्राकडे बोट दाखवलं. पण त्यांच्यापुढे अडचण अशी की छिद्र दाखवता येत नव्हतं. ते बहुधा पडद्याच्या अगदी कडेला असतं, आणि तेव्हाच्या उपकरणातून एका वेळी डोळ्याचा फार लहान तुकडा दिसायचा. काढून टाकलेले डोळे तपासावेत, तर ते रोग जुना झाल्यावरचे. तोवर आत सगळा गुंता झालेला.

कारण माहीत नाही म्हटल्यावर उपचारांची जत्रा भरते. अंधाऱ्या खोलीत डोळे बांधून आठवडेच्या आठवडे उताणं झोपवून ठेवणं, घट्ट पट्ट्या, घाम काढणं, मिठाचं पथ्य, डोळ्यात निरनिराळी द्रावणं टोचणं. अमेरिकेतल्या डेरिक व्हेल यांनी १९१२ साली आपल्या व्यवसायबंधूंकडे चौकशी केली की तुमच्याकडे असे किती रोगी बरे झाले. उत्तर आलं, हजारात एखादा. पडदा सुटला म्हणजे डोळा गेला, हेच खरं मानलं जात होतं.

इथे झ्यूल गोनँ येतात. जन्म १८७०, गाव स्वित्झर्लंडमधलं लोझान. तिथल्याच नेत्ररुग्णालयात मार्क द्युफूर यांच्या हाताखाली ते तयार झाले. गोनँनी आधी शस्त्रक्रिया केली नाही, आधी वर्षानुवर्षं सूक्ष्मदर्शकाखाली डोळे तपासले. पडद्याच्या पुढे डोळ्याची पोकळी भरणारा जेलीसारखा पदार्थ असतो, काचाभ द्रव. वयाबरोबर किंवा चष्म्याचा मोठा उणे नंबर असेल तर लवकरच, ही जेली पातळ होते, आकसते आणि पडद्यापासून सुटते. बहुतेकांच्या बाबतीत ती निमूट सुटते. पण एखाद्या ठिकाणी ती पडद्याला घट्ट धरून असेल तर सुटताना पडद्याला ओढते आणि तो घोड्याच्या नालासारखा फाटतो. त्या फाटीतून पातळ झालेला द्रव मागे शिरतो आणि गर्भातली ती जुनी फट पुन्हा उघडते. म्हणजे आधी ओढ, मग फाट, मग पाणी. ग्रेफे यांचा क्रम पूर्ण उलटा झाला.

क्रम उलटा झाला की उपचारही बदलतो. पाणी काढून उपयोग नाही, ते पुन्हा शिरणार. छिद्र बुजवायला हवं. त्यासाठी आधी ते सापडायला हवं. गोनँ तासन्‌तास शोधत. छिद्र घड्याळाच्या कितव्या तासाच्या दिशेला आहे, पडद्याच्या कडेपासून किती आत आहे, हे मोजून ते त्याचं चित्र काढत. मग तीच जागा डोळ्याच्या बाहेरच्या पांढऱ्या भागावर आखून घेत. तिथे छोटी चीर द्यायची, मागचं पाणी बाहेर पडू द्यायचं, आणि तापवून लाल केलेलं टोक क्षणभर आत घालायचं. भाजलेल्या जागी व्रण तयार होतो आणि तो व्रणच छिद्राच्या कडा मागच्या थराला चिकटवून टाकतो. एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला की काम फुकट.

१९२० च्या सुमारास त्यांनी हे मांडलं तेव्हा फार कमी लोकांनी विश्वास ठेवला. इतरांनी करून पाहिलं आणि जमलं नाही, कारण त्यांनी भाजण्याची कृती उचलली, शोधण्याची चिकाटी उचलली नाही. शेवटी १९२९ साली ॲमस्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय नेत्रपरिषदेत गोनँ आणि त्यांच्याकडून शिकून गेलेले डॉक्टर एकत्र उभे राहिले. तिथे हे मान्य झालं. साधारण निम्म्या डोळ्यांत पडदा परत बसत होता. हजारात एक कुठे आणि दोघांत एक कुठे! गोनँ १९३५ साली वारले. आज त्यांच्या नावाचं रुग्णालय लोझानमध्ये आहे आणि दर चार वर्षांनी दिलं जाणारं गोनँ पदक नेत्रशास्त्रातला फार मोठा मान समजला जातो.

यानंतरची पन्नास वर्षं म्हणजे गोनँच्या एकाच सूत्राचा विस्तार आहे : छिद्र शोधा, छिद्र बुजवा. ते जरा भरभर बघू.

शोधण्याची बाजू चार्ल्स शेपन्स यांनी बदलली. हा बेल्जियन डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात गेस्टापोपासून लपून, नाव बदलून, फ्रान्सच्या बास्क डोंगरात लाकडाची वखार चालवत होता आणि त्या आडून शंभराहून अधिक लोकांना पिरेनीज पर्वतापलीकडे पोचवत होता. युद्धानंतर लंडनमध्ये त्यांनी डोक्यावर बांधायचं, दोन्ही डोळ्यांनी बघायचं उपकरण तयार केलं. डोक्याला दिवा, हातात भिंग, आणि पडद्याची पार कडा नजरेत. आजही पडद्याच्या डॉक्टरांकडे गेलात तर ते हेच बांधून तुमचा डोळा बघतात.

बुजवण्याच्या बाजूला १९४९ साली एर्न्स्ट कुस्टोडिस यांनी वेगळी युक्ती काढली. पडदा भिंतीपर्यंत येत नाही ना, मग भिंत पडद्याकडे नेऊ. डोळ्याच्या बाहेरून एक तुकडा शिवून भिंत आत दाबायची. याला आपल्या दवाखान्यात "बकल" म्हणतात. जर्मनीतच गेर्ड मायर-श्विकेराथ यांच्यासमोर १९४५ सालच्या सूर्यग्रहणात उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघून पडदा भाजलेला रुग्ण आला. त्यांनी विचार केला, प्रकाश पडदा भाजतो तर त्यानेच छिद्राच्या कडाही चिकटवता येतील. सुरुवातीला त्यांनी खरोखर उन्हाचाच किरण वापरला, नंतर दिवे आले, नंतर लेझर आला. त्यामुळे फाट वेळेत सापडली तर पडदा सुटण्याआधीच तिला कुंपण घालता येऊ लागलं.

आणि १९७० साली मायामीमध्ये रोबेर्ट माखेमर डोळ्याच्या आत शिरले. पडद्याला ओढणारी ती जेलीच कापून बाहेर काढण्याचं बारीक यंत्र त्यांनी बनवलं. त्याच्या पहिल्या चाचण्या अंड्याच्या पांढऱ्या बलकावर झाल्या होत्या. ही शस्त्रक्रिया म्हणजे व्हिट्रेक्टॉमी. तिच्या शेवटी डोळ्यात वायूचा बुडबुडा किंवा सिलिकॉन तेल सोडतात. "पालथं झोपा" किंवा "या कुशीवर झोपा" असं जे सांगतात ते यासाठी. बुडबुडा वर जातो, आणि छिद्र जिकडे असेल ती बाजू वर ठेवली की तो छिद्र दाबून धरतो, व्रण पक्का होईपर्यंत.

या सगळ्याने पडदा बसण्याचं प्रमाण खूप वाढलं. आणि नेमकं तेव्हाच दुसरा प्रश्न टोचायला लागला. पडदा बसलाय, डॉक्टरला दिसतोय, मग रोग्याला का दिसत नाही?

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट आता काढा. शलाका-शंकूंचा शिधा मागून येतो. पडदा सुटला म्हणजे त्या पेशी आपल्या स्वयंपाकघरापासून दूर गेल्या. कडेचा भाग सुटला असेल तर तिकडची नजर जाते, पण वाचणं चालू राहतं. सुटता सुटता पीतबिंदूही सुटला, तर सगळ्यात खादाड पेशी उपाशी पडतात. त्याच माखेमर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस माकडांवर प्रयोग करून हे पेशींच्या पातळीवर पाहिलं. पडदा सुटल्यावर थोड्याच दिवसांत पेशींची प्रकाश पकडणारी टोकं झडू लागतात. पडदा परत बसवला की ती पुन्हा वाढतात.

ती वाढू शकतात याचं कारण रिचर्ड यंग यांनी १९६७ च्या सुमारास दाखवलं होतं. ही टोकं निरोगी डोळ्यातही रोज झिजतात आणि रोज नव्याने बनतात. झिजलेला भाग मागच्या रंगद्रव्याच्या पेशी गिळून टाकतात. शलाकेचं आख्खं टोक दहाएक दिवसांत नवं होतं. म्हणजे डोळ्याकडे दुरुस्तीचा कारखाना आहे. पण त्याला मर्यादा आहे. पेशी जिवंत असेल तर टोक पुन्हा येतं. पेशीच मेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. आणि जे टोक येतं तेही पूर्वीइतकं लांब, पूर्वीइतकं सरळ येईलच असं नाही. दाराची चौकट वाकडी दिसते ती यामुळे. पेशींची रांग जरा सरकलेली असते आणि मेंदू जुन्या रांगेच्या हिशोबाने चित्र लावत असतो.

हे सगळं जिवंत माणसात बघायची सोय १९९१ साली झाली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या जेम्स फुजिमोटो यांच्या गटाने ओसीटी तपासणी प्रसिद्ध केली. डेव्हिड हुआंग आणि एरिक स्वानसन हे त्यातले मुख्य सहकारी. डोळ्याला हात न लावता, प्रकाशाच्या साहाय्याने पडद्याचा उभा छेद दिसू लागला. काहालला जे मेलेल्या डोळ्याच्या कापांत दिसलं होतं ते खुर्चीत बसलेल्या माणसात दिसायला लागलं. आणि मग उलगडा झाला. डॉक्टरला "बसलेला" वाटणाऱ्या पडद्याखाली, पीतबिंदूच्या जागी, कधी कधी कित्येक महिने पाण्याचा पातळ थर राहिलेला असतो. २००२ साली ज्यांनी हे दाखवलं, त्यांत लोझानचे, म्हणजे गोनँच्याच रुग्णालयातले डॉक्टर होते. शिवाय ओसीटीत शंकूंच्या टोकांची एक उजळ रेघ दिसते. ती अखंड असेल तर नजर चांगली येते, तुटक असेल तर कमी. महिनोन्‌महिने ती रेघ हळूहळू जुळत जाते तशी नजरही सुधारत जाते.

त्याच वर्षी, १९९१ मध्येच, नील केली आणि रॉबर्ट वेंडेल या दोन अमेरिकन डॉक्टरांनी पीतबिंदूला मधोमध पडलेलं छिद्र शस्त्रक्रियेने मिटवता येतं हे दाखवलं. तोवर ते असाध्य मानत. त्यांच्या ५२ डोळ्यांपैकी ५८ टक्क्यांत छिद्र मिटलं, आणि मिटलेल्यांपैकी ७३ टक्क्यांची नजर तक्त्यावर दोन किंवा अधिक ओळींनी सुधारली. या दोन आकड्यांकडे नीट बघा. केली आणि वेंडेल यांनी रचना किती जणांत सुधारली हे वेगळं सांगितलं आणि नजर किती जणांत सुधारली हे वेगळं. पडदा बसणं आणि नजर येणं या दोन गोष्टींचा हिशोब असा वेगवेगळाच ठेवावा लागतो.

मग या इतिहासातून आपण घरी काय न्यायचं? गोनँने शिकवलं की छिद्र शोधा. माखेमरच्या माकडांनी शिकवलं की घड्याळ बघा. पीतबिंदू अजून सुटलेला नसेल तर ऑपरेशन तातडीचं, कारण वाचवण्यासारखं सगळं शिल्लक असतं. सुटला असेल तरी एका आठवड्याच्या आत बसवलेल्या डोळ्यांची नजर उशिरा बसवलेल्यांपेक्षा बरी येते. आणि पडदा सुटताना दुखत नाही, म्हणूनच माणसं थांबतात. अचानक डोळ्यात विजा चमकल्यासारखं वाटणं, काळ्या ठिपक्यांचा नवा थवा दिसणं, एका बाजूने सावली चढत येणं, हे झालं तर लग्नकार्य उरकू दे, सोमवार उजाडू दे, असं म्हणू नका. चष्म्याचा मोठा उणे नंबर असलेले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले, डोळ्याला मार लागलेले, यांनी तर नाहीच.

आणि ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलं आहे त्यांच्या घरच्यांना एक विनंती. पहिल्या महिन्यात "आता किती दिसतंय" म्हणून रोज परीक्षा घेऊ नका. आत शंकूंची टोकं वाढताहेत, पाणी हळूहळू शोषलं जातंय. सहा महिने, वर्ष, कधी त्याहूनही जास्त काळ सुधारणा होत राहते. ठरलेल्या तपासण्या चुकवू नका. नजर वाढायची सोडून एकदम कमी झाली, तर मात्र वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. शेवटी जेवढी नजर येईल तेवढी येईल, आणि ती पूर्वीइतकी नसली तरी १९१२ साली हजारात एकालाच मिळणारी होती, एवढं मनात असू द्या.

इथे थांबतो.  प्रश्न असतील तर जरूर विचारा.